दिवसभर सॉरी म्हणते, तरी तक्रार: 'कुणी साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही'

ताई,

मी मूळची मिरजेची. दीड वर्षापूर्वी इंग्लंडला आले. मिडलँड्समधल्या एका सरकारी रुग्णालयात, वयस्कर पेशंटच्या वॉर्डात बँड फाइव्ह (म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीची) नर्स आहे. भाषेची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले होते, त्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं असा समज होता. आता एकाच शब्दाने माझं डोकं उठवलंय. तो शब्द म्हणजे सॉरी.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर मला सारख्या म्हणतात, "स्टॉप सेइंग सॉरी, तू काही केलेलं नाहीस." आणि स्वतः दिवसभर सॉरी म्हणत असतात! मध्यंतरी माझे आजोबा गेले. एक सहकारी जवळ येऊन म्हणाली, "आय ॲम सो सॉरी." मी पटकन म्हणाले, "नो नो, इट्स नॉट युअर फॉल्ट." ती बघतच राहिली. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं, काय ते कळलं नाही.

आणि आता हे. एका आजींची सकाळची वेदनाशामक गोळी माझ्याकडून द्यायची राहिली. दुपारी त्यांची मुलगी आली तेव्हा आजी कण्हत होत्या. तिने विचारलं, तर मी "आय विल इन्फॉर्म द डॉक्टर" म्हणाले आणि तिथून निघाले. गोळी लगेच आणून दिली, पण सॉरी म्हटलं नाही. मिरजेकडे ज्या रुग्णालयात आधी होते, तिथे सीनियर सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: नातेवाइकांना सॉरी म्हणायचं नाही, म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, केस होते. आता त्या मुलीची तक्रार आली आहे. त्यात लिहिलंय, "कुणी साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही." पुढच्या आठवड्यात वॉर्ड मॅनेजरबरोबर बैठक आहे, ती मुलगीही येणार आहे. नको तिथे म्हणते आणि हवं तिथे म्हणत नाही, असं झालंय माझं. नेमकं कधी म्हणायचं?

— मिरजेची सिस्टर

प्रिय सिस्टर,

आधी तुझ्या मनातली भीती बाजूला काढू, कारण ती आहे तोवर बाकीचं काही कानात शिरणार नाही. तू जिथे काम करतेस तिथे सॉरी म्हटलं एवढ्यावरून निष्काळजीपणा कबूल केला असं धरत नाहीत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, तसं कायद्यात लिहिलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या 2006 च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टचं दुसरं कलम जेमतेम एका वाक्याचं आहे. माफी मागितली, उपचार देऊ केले किंवा दुसरी काही भरपाई देऊ केली, तर केवळ त्यावरून निष्काळजीपणाची कबुली झाली असं होत नाही, असं ते सांगतं. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, 2016 चा. तिकडे नोकरी घेतलीस तर तो बघ.)

गोष्ट इथे थांबत नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीची रॉबर्ट फ्रान्सिस यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये तिचा अहवाल आला. माणसं दगावत होती, घरचे विचारत होते, आणि सरळ उत्तर मिळत नव्हतं. त्यानंतर नोव्हेंबर 2014 पासून एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, ट्रस्टवर (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांवर) 'ड्यूटी ऑफ कँडर', म्हणजे खरं सांगण्याचं कर्तव्य, हे कायदेशीर बंधन आलं. उपचारात काही बिघडून पेशंटला ठरावीक पातळीपेक्षा जास्त इजा झाली, तर त्याला किंवा घरच्यांना समोरासमोर खरं सांगायचं, माफी मागायची, पुढे काय चौकशी होईल ते सांगायचं, आणि नंतर हे सगळं लेखी द्यायचं. तुझी राहिलेली गोळी त्या पातळीला बहुधा पोचत नाही. पण नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने डॉक्टरांच्या कौन्सिलबरोबर 2015 मध्ये जे मार्गदर्शन काढलं, त्यात हेच कर्तव्य प्रत्येक नर्सवर आणि डॉक्टरवर वैयक्तिक घातलेलं आहे, आणि तिथे पेशंटला त्रास झाला एवढं पुरतं. म्हणजे तुझ्या जुन्या वॉर्डात जे म्हणणं धोक्याचं होतं, ते इथे न म्हणणं धोक्याचं आहे.

अजून शंका असेल तर एक पत्रक वाच. एनएचएसच्या वतीने नुकसानभरपाईचे दावे लढवते आणि पैसे भरते ती संस्था म्हणजे एनएचएस रिझोल्यूशन. माफीमुळे दावे वाढत असते तर सगळ्यात आधी हिच्या खिशाला झळ बसली असती. त्या संस्थेचंच 'सेइंग सॉरी' नावाचं पत्रक आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की कुणी माफी मागितली म्हणून आम्ही कधी दाव्याचं संरक्षण नाकारलेलं नाही आणि नाकारणार नाही. पैसे मोजणाराच 'सॉरी म्हणा' म्हणतोय म्हटल्यावर तू का घाबरतेस?

जुन्या सीनियर सिस्टरला मात्र नावं ठेवू नकोस. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. नातेवाइकांची तोडफोड आणि मारहाण इतकी झाली की 2010 मध्ये महाराष्ट्राला डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. कॅज्युअल्टीच्या दारात गावाकडची जीपभर माणसं उभी असताना तोंडातला शब्द जपून वापरा, असं शिकवणारी बाई शहाणीच होती. तिचं शहाणपण तिथलं होतं. तू ते बॅगेत भरून विमानातून घेऊन आलीस.

आता शब्दाकडे येऊ. आपल्याकडे सॉरी बहुतेकांच्या घरात शाळेच्या दप्तरातून आला आणि एकाच अर्थाने आला: चुकलं. "बाईंना सॉरी म्हण." "आधी तिला सॉरी म्हण, मग डबा." दुसऱ्या अर्थाची त्याला गरजही नव्हती, कारण बाकीची कामं मराठीत आधीच वाटून गेलेली होती. ऐकू आलं नाही तर 'अं?'. गर्दीतून वाट हवी तर 'जरा सरकता का'. कुणाचं वाईट ऐकलं तर 'अरेरे' किंवा 'फार वाईट झालं हो'. दया आली तर 'बिचारा'. बोलता बोलता वार चुकला तर 'मंगळवारी, नाही नाही, बुधवारी'. नकार द्यायचा तर 'नाही हो जमायचं'. आणि चुकून कुणाला पाय लागला तर शब्दसुद्धा नाही, वाकून हात लावून नमस्कार.

ही सगळी कामं इंग्रज माणूस एका सॉरीकडून करून घेतो. तुझ्या वॉर्डात एक तासभर नुसती कान देऊन बस. 'सॉरी?' असं शेवटी वर चढलं तर 'पुन्हा सांगा'. "सॉरी, कॅन आय जस्ट..." म्हणजे 'जरा सरका'. "ट्यूजडे, सॉरी, वेन्सडे" म्हणजे 'नाही नाही, बुधवारी'. "आय ॲम सॉरी, बट व्हिजिटिंग इज ओव्हर" यात सॉरी नावालाच आहे, बाहेर काढण्याचंच काम चाललंय. "यू विल बी सॉरी" ही चक्क धमकी. 'अ सॉरी स्टेट' म्हणजे दैना, तिथे कुणी कुणाची माफी मागत नाही. आणि कॉट नंबर चारवरचे आजोबा बझर दाबून, दुखण्याने चेहरा पांढरा पडलेला असताना म्हणतात, "सॉरी टू बॉदर यू, डक." (हे 'डक' तुझ्या भागातलंच. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा आपल्याला बदक का म्हणतायत असं तुला वाटलं असणार.) हे आजोबा माफी मागत नाहीत, दार वाजवतायत. त्यावर 'इट्स ओके' म्हणून पुढे जाऊ नकोस. "नॉट ॲट ऑल" म्हण आणि लगेच दुखतंय का ते विचार. त्या पिढीतली माणसं जितकी जास्त दुखतं तितकी जास्त सॉरी म्हणतात, असं मला वाटतं. शास्त्र नाही, पण तूही लक्ष ठेवून बघ.

या शब्दाचं मूळ तुला तुझ्याच कामात सापडेल. जुन्या इंग्रजीत तो 'सारिग' असा होता आणि 'सार' म्हणजे जखम, दुखणं, यापासून निघालेला होता. तुम्ही प्रेशर सोअर म्हणता ना, दर दोन-चार तासांनी पेशंटची कूस बदलून ज्याला टाळता, त्यातला 'सोअर' तो हाच. ('सॉरो', म्हणजे दुःख, याचा याच्याशी काही संबंध असेल असं वाटतं, पण त्याचं मूळ वेगळं. शेजारी राहून दोघे एकसारखे दिसायला लागले.) तेव्हा सॉरीचा पहिला अर्थ 'मला दुखतंय' असा. 'माझं चुकलं' ही त्याच दुखण्याची एक जात: माझ्याच हातून झालं म्हणून दुखतंय. ड्यूटी ऑफ कँडरच्या नियमातही माफीची व्याख्या दिलेली आहे. तिथे माफी म्हणजे दुःख किंवा खेद व्यक्त करणं, एवढंच म्हटलंय. दोष, कबुली असे शब्द त्या व्याख्येत नाहीतच.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांत कुणी गेलं की अंत्यविधी आणि दुखवट्याच्या सगळ्या व्यवहाराला इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणतात. माफीचा तिथे काडीचा संबंध नाही. पण त्याच देशात या शब्दावरून सरकारं अडून बसली होती. आदिवासी मुलांना पिढ्यान् पिढ्या घरांतून उचलून नेलं गेलं, त्याचा सरकारी अहवाल 1997 मध्ये आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी 1999 मध्ये संसदेत खोल आणि मनापासून खेद, म्हणजे 'रिग्रेट', व्यक्त करणारा ठराव आणला, पण 'सॉरी' हा शब्द काही केल्या वापरला नाही. तो वापरायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडावी लागली आणि केव्हिन रड पंतप्रधान व्हावे लागले. इंग्रजीत रिग्रेट हा कोट घालून आलेला शब्द. सॉरी घरातला, मुलांच्या तोंडचा, म्हणून तो जास्त लागतो.

याच्या बरोबर उलटा किस्सा 2001 चा. 1 एप्रिलला अमेरिकेचं एक टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान दक्षिण चीन समुद्रावर एकमेकांना धडकले. चिनी वैमानिक गेला. अमेरिकन विमान परवानगीविना हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले 24 जण चीनने अडकवून ठेवले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती मागायची नव्हती. शेवटी अमेरिकेच्या राजदूताने पत्र दिलं. त्यात दोनदा 'व्हेरी सॉरी' होतं: एकदा वैमानिकाच्या घरच्यांसाठी आणि चिनी जनतेसाठी, एकदा तोंडी परवानगी न घेता उतरल्याबद्दल. 'अपॉलजाइज' हा शब्द कुठेही नव्हता. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, माफी मिळाली. अमेरिकेने सांगितलं, आम्ही माफी मागितलीच नाही, वाईट वाटलं एवढंच म्हणालो. माणसं सुटली. सॉरीच्या दोन अर्थांच्या फटीतून चोवीस माणसं बाहेर काढली त्या मुत्सद्द्यांनी.

तू मुत्सद्दी नाहीस आणि तुला ती फट वापरायचीही नाही. पण ती आहे हे माहीत असू दे, कारण तुझ्या सहकारी मैत्रिणीपाशी तू नेमकी तिच्यातच पडलीस. ती म्हणाली, तुझे आजोबा गेले, मला दुखलं. तू ऐकलंस, तुझे आजोबा गेले, माझं चुकलं. मग साहजिकच तू तिला निर्दोष सोडून दिलंस!

त्यावर इंग्रजीतलं उत्तर अगदी साधं आहे: "थँक यू." फार तर "दॅट्स काइंड ऑफ यू." मला ठाऊक आहे की मराठी माणसाला हे तोंडातून काढणं जड जातं. आपल्याकडे भेटायला आलेल्यांचे आभार मानत नाहीत. कुणी आलं की आपण सांगायला लागतो, काल रात्रीपर्यंत बोलत होते, दूधभात खाल्ला, पहाटे आवाज दिला तर... आणि आलेलं माणूस ऐकत बसतं. दुःख वाटून घेण्याची आपली तऱ्हा ती. तुला तेही करता येईल. "थँक यू" म्हणून झाल्यावर आजोबांबद्दल एखादं वाक्य सांगितलंस तर ती मैत्रीण नक्की ऐकेल. तिच्याकडे जाऊन खुलासा करायचा असेल तर खुशाल कर. "आमच्याकडे सॉरी फक्त चुकीसाठी वापरतात" एवढं सांग, दोघी हसाल.

तू स्वतः जेव्हा पेशंटच्या घरच्यांशी असं बोलशील, तेव्हा सॉरीच्या शेपटाला जप. "आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस" ठीक. "आय ॲम सॉरी अबाउट युअर मम" ठीक. "आय ॲम सॉरी टू हिअर दॅट" ठीक. पण "आय ॲम सॉरी फॉर यू" किंवा "आय फील सॉरी फॉर यू" म्हटलंस तर ते 'मला तुमची कीव येते' असं ऐकू जातं. माझ्याकडे परीक्षेच्या तयारीला येणाऱ्या नर्सेसपैकी निम्म्याजणी रोल-प्लेमध्ये हेच वाक्य टाकतात, अगदी डोळ्यांत पाणी आणून. भावना खरी, वाक्य घातक. 'फॉर'च्या पुढे वस्तू किंवा कृती ठेव, माणूस नको: फॉर युअर लॉस, फॉर द डिले, फॉर कीपिंग यू वेटिंग.

आता तुझ्या वॉर्ड सिस्टरचं 'स्टॉप सेइंग सॉरी'. ती स्वतः दिवसभर म्हणते आणि तुला थांबवते, याचा तुला राग आलेला दिसतो. पण तिचा सॉरी आणि तुझा सॉरी एक नाही. तिचा सॉरी म्हणजे 'सरक', 'पुन्हा सांग', 'अगं ऐक ना'. तो तोंडातून सुटतो आणि विसरला जातो. तू म्हणतेस तेव्हा मान खाली जाते, आवाज उतरतो. तू तो आपल्या अर्थाने म्हणतेस, चुकलं म्हणून. दिवसातून इतक्या वेळा चुकलं म्हणणाऱ्या नर्सकडे बघून पेशंट हळूहळू विचार करू लागतो, हिच्या हातून नेमकं काय काय होतं?

यातला बराचसा सॉरी गाळून काही बिघडत नाही. ड्रेसिंगला उशीर झाला तर "थँक यू फॉर वेटिंग." वाटेतून जायचं तर "एक्सक्यूज मी." शीर सापडली नाही आणि दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली तर मात्र सॉरी म्हण. तिथे खरंच दुखलंय, शब्द आपल्या मुळावर उभा आहे.

एक जागा अशी आहे जिथे तो पूर्ण बंद कर, आणि यात मी मस्करी करत नाही. रात्री डॉक्टरला फोन करताना. "सॉरी टू डिस्टर्ब यू डॉक्टर, सॉरी, आय नो यू आर बिझी, आय वॉज जस्ट थिंकिंग..." एवढं होईपर्यंत पलीकडच्याने तुझी निकड दोन पायऱ्या खाली उतरवलेली असते. न्यूज स्कोअर (नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंवरून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा आकडा) सात आहे म्हणजे तातडीची वेळ आहे. तिथे पहिलं वाक्य स्कोअरचं. तुम्हाला एसबारची, म्हणजे पेशंटची माहिती क्रमाने सांगण्याची, शिस्त शिकवलीच आहे: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुझा अंदाज काय, तुला काय हवंय. त्यात सॉरीला जागा ठेवलेलीच नाही. आपल्याकडे सीनियर डॉक्टरला फोन करताना आवाज आपोआप खाली जातो, ती सवय मला माहीत आहे. तुझ्या सिस्टरला बहुतेक हेच खुपत असणार. तिला एकदा सरळ विचार, "माझा कुठला सॉरी तुम्हाला खटकतो?" उत्तर माझ्या अंदाजापेक्षा वेगळं निघालं तर तिचं ऐक, माझं नको. ती तिथे आहे.

उरली बैठक.

तिथे काय म्हणायचं याहून आधी, काय म्हणायचं नाही ते सांगते. "आय ॲम सॉरी यू फील दॅट वे" नको. ती मुलगी तिला काय वाटलं याची तक्रार करत नाहीये, तिच्या आईला दुखत होतं हे सांगतेय. "आय ॲम सॉरी इफ देअर वॉज एनी इन्कन्व्हीनियन्स" नको. त्यातला 'इफ' म्हणजे, झालं की नाही ते मला ठाऊक नाही बुवा. आणि आईला कण्हताना बघणं याला इन्कन्व्हीनियन्स म्हणू नकोस, तो शब्द बंद पडलेल्या लिफ्टवर चिकटवायचा. "आय ॲम सॉरी, बट वी वर शॉर्ट-स्टाफ्ड" तर अजिबात नको. माणसं कमी होती हे खरं असेल, आणि मॅनेजरला ते जरूर सांग, पण त्या मुलीसमोर सॉरी आणि 'बट' एका श्वासात आले की सॉरी गेला. ती त्याबद्दल आपणहून विचारेल, तेव्हा सांग. आणि "द डोस वॉज मिस्ड" असं कर्ता नसलेलं वाक्य नको. गोळी आपोआप राहत नाही. आपण मराठीतसुद्धा 'राहून गेली' म्हणतो आणि सुटतो. तुझ्या पत्रात तू 'माझ्याकडून राहिली' असं लिहिलंयस, ते मला आवडलं. तेच इंग्रजीत आण.

म्हणजे साधारण असं: "आय ॲम सॉरी. आय मिस्ड युअर मदर्स मॉर्निंग पेनकिलर, अँड शी वॉज इन पेन बिकॉज ऑफ दॅट. अँड व्हेन यू आस्क्ड मी, आय वॉक्ड अवे. आय ॲम सॉरी फॉर दॅट टू." माझी वाक्यं जशीच्या तशी पाठ करू नकोस, पाठ केलेलं ओळखू येतं. पण यातला दुसरा सॉरी गाळू नकोस. माझ्या मते तक्रार गोळीपेक्षा त्याचीच आहे. गोळी तर तू लगेच दिलीस. तू पाठ फिरवून गेलीस, आणि आईच्या कॉटशी ती एकटी उभी राहिली.

हे बोललीस की थांब. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण ती आणखी एका सॉरीने भरतो. भरू नकोस. ती बोलेल, कदाचित रागाने बोलेल. ती पहिल्याच वाक्यात विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, माफी मागितली म्हणून तिने ती दिलीच पाहिजे असं काही नाही. मग पुढे काय बदललंस ते सांग, आणि ते खरं असलं पाहिजे. औषधाच्या फेरीत कुणी हाक मारली तर आता तू काय करतेस? राहिलेला डोस कुणाच्या आधी लक्षात येईल? उत्तर तयार नसेल तर वॉर्ड मॅनेजरबरोबर बसून आधी ठरव.

'अपॉलजाइज' हा शब्द तू वापरायचा की नाही? ट्रस्टकडून लेखी उत्तर जाईल त्यात तो असेलच, तिथे तो शोभतो. तोंडी बोलताना सॉरीच बरा. मनावर फारच दडपण आलं असेल तर युनियनच्या प्रतिनिधीशी आधी बोलून घे. त्यात कमीपणा नाही, इथल्या नर्सेस सर्रास तसं करतात. आणि माफीने सगळं मिटतंच असा शब्द मी देत नाही. तक्रार पुढे ओम्बड्समनपर्यंत, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यापर्यंत, न्यायचा तिला हक्क आहे. पण तुझ्या बाजूने जे करायचं ते झालेलं असेल.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. गोळी राहिल्याचं डेटिक्स, म्हणजे चुकीची संगणकावरची नोंद, केलंस का? नसेल केलंस तर बैठकीची वाट बघू नकोस, उद्याची ड्यूटी सुरू झाली की मॅनेजरला सांगून पहिलं ते भर, आणि उशिरा का भरतेयस तेही त्यातच लिही.

तुझी ताई